माऊसला हात न लावणाऱ्या मळेकर मॅडम

मळेकर मॅडम पहिल्यांदा माझ्या केबिनमध्ये आल्या त्या मीच बोलावले म्हणून. विद्यापीठाने नवी संगणक प्रणाली घेतली होती आणि प्रत्येक प्राध्यापकाने आपली टिपणे तिच्यावर चढवावीत असा हुकूम निघाला होता. माझी टिपणे चढत नव्हती. मॅडम आल्या, माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या, दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले आणि म्हणाल्या, "काय दिसतंय?"

"काही नाही," मी म्हणालो.

"काईतरी दिसत असंल की, सर. स्क्रीन तर चालू हाय."

मी उठून खुर्ची मोकळी करून दिली. संगणक बघायला आलेल्या माणसाला खुर्ची द्यायची, आपण चहाला जायचे आणि परत येईपर्यंत काम झालेले असायचे, हा आमच्याकडचा जुना शिरस्ता. मॅडम बसल्या नाहीत. "तुमी बसा," त्या म्हणाल्या. "मी केलं तर मला यील. मला येतंय की."

मी बसलो. पुढची अर्धी दुपार मी चुकत होतो आणि त्या मागे उभ्या होत्या. भलत्याच जागी क्लिक केले तरी त्या अडवत नसत, नुसते विचारत, "आता काय दिसतंय?" अखेर टिपणे चढली तेव्हा मला आनंद झाला आणि रागही आला. आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. राग वर्षभर पुरला.

त्या मूळच्या चिखलीच्या. घरची शेती होती तिथे आता पत्र्याच्या शेडमध्ये छोटे कारखाने आहेत, पण त्यांचे वडील अजून त्या शेडना वावरांच्याच नावाने ओळखतात. भुईमुगातला लेथवाला, हरभऱ्यातला वेल्डिंगवाला, असे. संगणकाची पदवी घेऊन मॅडम हिंजवडीच्या एका कंपनीत नव्याने लागलेल्या पोरांना शिकवायच्या कामावर होत्या. "तिथं नोकरी कमी केली आन् कॅबमधी बसले जास्त," असे त्या सांगत. ट्रॅफिकला कंटाळून त्या चाकण रस्त्यावरच्या आमच्या विद्यापीठात आल्या. हुद्दा होता शैक्षणिक तंत्रज्ञान समन्वयक, म्हणजे आम्हा प्राध्यापकांना नव्या साधनांनी शिकवायला शिकवणे. हे काम किती अवघड आहे ते मी आतल्या गोटातला माणूस म्हणून सांगू शकतो. शिकवणाऱ्या माणसाला ऐकायची सवय नसते.

मॅडमच्या मराठी दोन होत्या. ई-मेलमध्ये "आपणांस नम्र विनंती करण्यात येते की" अशी, आणि जिन्यात गाठ पडली की "चढवली का न्हाई फाइल?" अशी. पहिलीकडे आम्ही दुर्लक्ष करत असू. दुसरीला घाबरून दुसऱ्या जिन्याने जात असू.

त्या स्वतः काही करून देत नाहीत, म्हणजे त्यांना स्वतःलाच काही येत नसणार, अशी एक बातमी स्टाफरूममध्ये फिरत होती. मीच ती पसरवायला हातभार लावला होता. पण हळूहळू लोक शिकत होते, हेही खरे. रसायनशास्त्राच्या आमच्या एक बाई होत्या, त्यांनी पहिले व्याख्यान रेकॉर्ड केले तेव्हा माइक बंदच राहिला. मॅडमनी ते पूर्ण पाहिले. मग म्हणाल्या, "साडी छान दिसती. आता आवाजासकट करू." त्या बाई मॅडमवर आयुष्यभर जीव टाकतील असे मला तेव्हाच वाटले.

आता गित्ते सरांचे सांगतो, कारण त्यांच्याशिवाय मॅडमचे सांगून होत नाही.

माझ्या वर्गाची आणि गित्ते सरांच्या ड्रॉइंग हॉलची भिंत एकच. सर बीडकडचे. मास्तरकीत येण्याआधी ते चाकणला तापलेले लोखंड ठोकून घडवणाऱ्या फोर्जिंगच्या कारखान्यात होते, आणि हॅमरच्या आवाजावर आवाज चढवायची सवय तिथून सोबत घेऊन आले होते. ते मशीन ड्रॉइंग शिकवत. एखादी वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसते ते कागदावर काढायचे, एवढाच तो विषय. पण सर सुरू झाले की भिंतीअलीकडे माझे यंत्रशास्त्र बंद पडे. "लेकराहो, हिकडं बघा. रेघ हाय ती, चऱ्हाट न्हाई!" हे मी इतक्या वेळा ऐकले होते की माझ्या वर्गातली पोरे माझ्या विषयात नापास होत आणि ड्रॉइंगमध्ये पास होत. मी लेखी तक्रारही केली होती. सर म्हणाले, "मी हळूच बोलायलोय की राव."

मग सरांच्या घशाचे ऑपरेशन झाले. गाठ निघाली, जीव वाचला आणि आवाज गेला. कुजबुजण्यापुरता थोडा उरला होता, तोही डॉक्टरांनी जपून वापरायला सांगितला होता. रजा संपवून सर परत आले ते गळ्याला मफलर आणि हातात लिहायची छोटी पाटी घेऊन. भिंतीपलीकडे शांतता झाली. इतकी वर्षे मी तिचीच वाट बघत होतो, आणि मिळाली तेव्हा मला ती सोसवेना. मी शिकवता शिकवता मध्येच थांबायचो, पलीकडून काहीतरी येईल म्हणून.

आमचे विभागप्रमुख वाईट गृहस्थ नव्हते. बोलता न येणाऱ्या माणसाकडे वर्ग कसा ठेवायचा, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यांनी ठरवले की दिवाळीपर्यंत वाट बघायची, नाही जमले तर गित्ते सरांचा वर्ग दुसऱ्याकडे वर्ग करायचा आणि सरांना परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला बसवायचे. सरांनी पाटीवर लिहिले, "मला गठ्ठे बांधता येत नाहीत." विभागप्रमुख म्हणाले, "शिकाल हळूहळू." मग जाता जाता त्यांनी मळेकर मॅडमना बोलावून सांगितले, "तंत्रज्ञानाने काही होतंय का बघा."

मॅडमनी आधी जे केले ते साफ फसले. सरांनी संगणकावर मराठीत टाइप करायचे आणि संगणकाने ते मोठ्याने वाचायचे, अशी सोय त्यांनी शोधून काढली. सर एका बोटाने टाइप करत आणि मॅडम हात मागे बांधून उभ्या. अक्षरे शोधण्यात दसरा आला. सरांनी पहिला तास तयार केला तो जसे बोलायचे तसाच, शब्दाला शब्द.

त्या दिवशी मला तास नव्हता, म्हणून मीही मागच्या बाकावर जाऊन बसलो. वर्ग भरलेला होता. आमची निम्मी पोरे पहिल्या शिफ्टवरून सुटून कंपनीच्या बुटांवरच येतात. तीही आज जागी होती. सरांनी बटण दाबले. स्पीकरमधून बातम्या देणाऱ्या बाईच्या गोड आवाजात आले, "लेकराहो, हिकडं बघा."

कोणी हसले नाही. पोरे सरांना मानत होती. मग ती बाई म्हणाली, "व्यास चाळीस मी मी." सरांनी मिलिमीटरचे 'मि.मी.' लिहिताना टिंबे दिली होती आणि बाईने ती आपल्या परीने लावून घेतली होती. पोरांनी ओठ दाबून धरले. मग त्या बाईने अतिशय विनयाने विचारले, "रेघ हाय ती, चऱ्हाट न्हाई?" आणि वर्ग फुटला. पोरांची काही चूक नव्हती. मीही हसलो. सरांनी लॅपटॉप मिटला आणि बाहेर गेले.

नंतर मॅडमच्या खोलीत आम्ही तिघे बसलो होतो. मॅडम म्हणाल्या, "सर, पुस्तकी मराठीत टाइप केलं तर मशीन नीट वाचील."

सरांनी पाटीवर लिहिले, "मी तसा बोलत नाही." मग ते पुसून लिहिले, "त्या बाईच्या तोंडून माझी भाषा ऐकली आणि मला तिची लाज वाटली. आजवर कधी वाटली नव्हती."

मॅडम पाटीकडे बघत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "चूक माझी हाय. मशीन माझं व्हतं. काढून टाका ते." सरांनी लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला. "तुमीच काढा," मॅडम म्हणाल्या. तशाही वेळी त्यांनी माऊसला हात लावला नाही, याचे मला तेव्हा हसू यायला हवे होते. आले नाही.

दिवाळी जवळ येत होती. विभागप्रमुखांनी एका नव्या व्याख्यात्याला ड्रॉइंगची तयारी करायला सांगूनही ठेवले होते. मॅडमनी दुसरी युक्ती काढली. ही अगदी साधी होती. टेबलावर एक उभा स्टँड लावायचा, त्याच्या आडव्या दांडीला मोबाइल अडकवायचा, आणि सर खाली कागदावर जे काढतील ते मागच्या पडद्यावर मोठे दिसेल. बोलण्याचे काय, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. "निदान रेघा तरी दिसतील," त्या म्हणाल्या. स्टँड हरभऱ्यातला वेल्डिंगवाला करून देणार होता, पण त्याला ड्रॉइंग हवे होते. ते सरांनी काढायला घेतले. मी चहा घेऊन गेलो होतो, तो तिथेच बसलो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मळेकर मॅडमना ड्रॉइंग येत नव्हते. पदवीच्या पहिल्या वर्षी तो पेपर त्यांनी, त्यांच्याच शब्दांत, "पुढं बसलेल्या पोरीच्या कृपेनं" काढला होता. सर कागदावर रेघा ओढत होते आणि त्यातले काहीही न कळल्यामुळे मॅडम अस्वस्थ होत चालल्या होत्या.

"हे वरनं बघितलेलं का, सर?"

सरांनी मान हलवून नाही म्हटले.

"मग समोरनं?"

हो.

"मग ही दांडी एवढीशी का दिसती? लांब हाय ना ती?"

सरांनी पेन्सिल उचलली आणि तिचे टोक मॅडमच्या डोळ्यांसमोर सरळ धरले.

"आं," मॅडम म्हणाल्या. "ती माझ्याकडं येती. म्हणून टोकच दिसतंय." सरांनी पेन्सिल कागदावर टेकवून पुढचे चित्र सुरू केले. "मग हितं बाजूनं बघितल्यावर ती लांब दिसायला पायजे. थांबा, सांगू नका." सांगण्याचा प्रश्नच नव्हता. मॅडमनी दोनदा चुकीचे सांगितले, सरांनी दोनदा नुसती वाट बघितली, आणि तिसऱ्यांदा त्या बरोबर आल्या. "मला आलं की हो!" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मला पहिल्यांदाच एखाद्या विद्यार्थिनीसारखा वाटला. मग त्यांनी कागदावरून मान वर केली.

"सर, मघापासनं बोलतंय कोण?"

सरांनी त्यांच्याकडे बोट केले.

"आन् शिकवलं कोणी?"

सरांनी हातातल्या पेन्सिलीकडे बघितले.

स्टँड आला तो उलटा. खांब सरांच्या डाव्या हाताला हवा होता, तो उजव्या हाताला आला. सर रेघ ओढायला गेले की कोपर खांबावर आपटे. मॅडम वेल्डिंगवाल्याला फोन लावायला निघाल्या, तेवढ्यात सरांनी आपलेच ड्रॉइंग पुन्हा हातात घेतले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटले त्यांना ठसका लागला. ते हसत होते. ऑपरेशननंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितले ते त्या दिवशी.

वस्तूची ही चित्रे कागदावर मांडायच्या दोन रीती आहेत. आपण कोणती वापरली ते सांगणारे एक लहानसे चिन्ह कोपऱ्यात काढायचे असते. ते नसले की कारागीर आपल्या सवयीची रीत धरतो, आणि वस्तू आरशातल्यासारखी उलटी बनते. हे चिन्ह विसरणाऱ्या पोराचे गित्ते सर दोन मार्क कापत. हातपाय जोडले तरी परत देत नसत. आणि आता ते स्वतःच विसरले होते.

"नवीन करून आणते," मॅडम म्हणाल्या. सरांनी पाटीवर लिहिले, "नको. हाच शिकवतो."

दुसऱ्या दिवशी माझा तास चालू होता. पलीकडे सर हॉलमध्ये गेल्याचे दाराच्या आवाजावरून कळले. मग काहीच नाही. काय चालले होते ते मला नंतर पोरांकडून कळले. सरांनी तो स्टँड टेबलाला लावला, खाली आपले ड्रॉइंग ठेवले, वर लिहिले, "ड्रॉइंग माझे. स्टँड ड्रॉइंगप्रमाणे केला. चूक कोठे?" आणि खुर्चीवर बसून राहिले. एरवी ज्या माणसाने प्रश्न विचारून श्वास घेण्याआधी उत्तरही दिले असते, तो वाट बघत बसला. पोरे एकमेकांकडे बघू लागली. कंपनीच्या प्रेसशॉपमध्ये, पत्रे दाबायच्या खात्यात, काम करणारा एक जण शेवटी म्हणाला, "सर, खांब तिकडं कशाला? तुमचं कोपर लागंल की." सरांनी कागदावर कोपर काढून दाखवले आणि पुन्हा वाट बघितली.

मला ऐकू आले ते इथून पुढे. आधी दोन-तीन आवाज. मग भांडण. "आरं, बाजूचं चित्र उलटं वाचलंय त्यानं!" "न्हाई भावा, ड्रॉइंगच चुकलंय!" मग बाक सरकले, आणि मग असा कल्ला झाला की माझ्या हातातला खडू थांबला. माझा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "चालू द्या," आणि दार उघडून बाहेर आलो.

विभागप्रमुख पॅसेजमधून तरातरा येत होते. हॉलच्या भिंतीला टेकून मळेकर मॅडम उभ्या होत्या, आत न जाता.

"आत कोणी सर नाहीत का?" विभागप्रमुखांनी विचारले.

"हायेत."

"मग हा गोंधळ कसला?"

"त्यो तास हाय," मॅडम म्हणाल्या.

विभागप्रमुखांनी दार ढकलले. त्यांच्याकडे कोणी बघितले नाही. पडद्याभोवती पोरांचा घोळका होता आणि एक मुलगी ओरडून सांगत होती, "सर, तुमी चिन्हच न्हाई टाकलं! त्याला कसं कळणार?" आपण काय बोललो ते कळताच ती दोन पावले मागे सरली. मग मागून कोणीतरी धीर करून म्हणाले, "सर, दोन मार्क गेले तुमचे." पडद्यावर सरांचा हात आला. त्यांनी लाल पेनने स्वतःच्या ड्रॉइंगवर दोन मार्क कापले आणि खाली सही केली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. विभागप्रमुखांनी दार हलकेच ओढून घेतले आणि आले तसे गेले.

दिवाळीनंतर वर्ग सरांकडेच राहिला. तसे कोणी जाहीर केले नाही. वेळापत्रकात नाव तेच आले, एवढेच. मी घरी जाऊन बायकोला हे मोठ्या कौतुकाने सांगितले. ती म्हणाली, "तुम्हीच ना त्यांच्या आवाजाची तक्रार केली होती?" मी म्हणालो, तो विषय वेगळा.

विद्यापीठाला ही गोष्ट फारच आवडली. प्रत्येक वर्गात स्टँड आणि कॅमेरा बसवण्यात आला. आम्ही सगळे कॅमेऱ्याखाली कागद ठेवून पूर्वीपेक्षा जास्त बोलू लागलो. मॅडमना मी म्हटले, "तुमची पद्धत सगळीकडे गेली." त्या म्हणाल्या, "कॅमेरे सगळ्यांना देता येत्यात, सर. गप बसणं कसं देणार?" मला ते लागले. मी एकदा प्रश्न विचारून मुद्दाम गप्प राहून बघितले. पोरांना वाटले मला बरे नाही. एकाने पाणी आणून दिले. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा केले, आणि तेव्हा एक मुलगी बोलली. चूक बोलली, पण बोलली. आता मी बराच गप्प असतो. वय झाले, असे लोक म्हणतात.

पुढे मॅडमकडे मदत मागायला येणारे कमी झाले. आमचे आम्हाला जमायला लागले होते. व्यवस्थापनाने त्याचा अर्थ असा लावला की मॅडमच्या विभागाची आता गरज उरली नाही. विभाग बंद झाला आणि त्या जागी सगळे करून देणारे दोन ऑपरेटर आले. लोक त्यांच्यावर फार खूश आहेत. खुर्ची दिली की ते बसतात. मॅडमना पुन्हा हिंजवडीत काम मिळाले.

निरोपाचा कार्यक्रम ड्रॉइंग हॉलमध्ये होता. सगळ्यांनी भाषणे केली, मीही केले, आणि सगळी एकसारखी झाली. मग कोणीतरी सवयीने म्हणाले, "गित्ते सर, दोन शब्द." म्हणणाऱ्याने लगेच जीभ चावली. सर मात्र उठले आणि कॅमेऱ्याखाली कागद घेऊन बसले. पडद्यावर एक चौकोन आला. सर थांबले आणि आमच्याकडे बघत राहिले.

मग रसायनशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "फळा." सरांनी मान हलवून हो म्हटले. त्यांनी टेबल काढले, बाके काढली, बाकांवर डोकी काढली, आणि आम्ही सगळे प्राध्यापक पोरांसारखे एकेक ओळखत गेलो. "वर्ग आहे हा," कोणीतरी म्हणाले. मग त्यांनी त्याच बाकांच्या रेघांमधून एक उभी आकृती काढली. तिच्या रेघा तुटक होत्या, थोडी रेघ, थोडी मोकळी जागा.

"हे काय?" बाईंनी विचारले.

सर वाट बघत होते. उत्तर विभागप्रमुखांनी दिले. "तुटक रेघ म्हणजे वस्तू तिथे आहे, पण भिंतीच्या पलीकडे. या बाजूने बघणाऱ्याला दिसत नाही," ते म्हणाले. "तरी काढावी लागते. नाही काढली तर ड्रॉइंग चूक." आणि मग ते खाली बघायला लागले.

पहिल्या रांगेतून मळेकर मॅडम पडद्याकडे बघत होत्या.

"ही मी व्हय?" त्यांनी विचारले.

सरांनी मान हलवली.

"एवढी जाडी न्हाई मी, सर," मॅडम म्हणाल्या आणि सगळ्यांसमोर रडल्या.